थाप मारली की येतो: व्हॉल्व्ह गिटार ॲम्पमधला लूज कॉन्टॅक्ट कसा पकडायचा

ऑर्केस्ट्रात गिटार वाजवणारा एक मित्र मागच्या जुलैत भर पावसात त्याचा काँबो ॲम्प (ॲम्प आणि स्पीकर एकाच पेटीत) घेऊन आला. ४० वॉटचा, मागे दोन ६एल६ पॉवर व्हॉल्व्ह, पुढे तीन छोटे १२एएक्स७ व्हॉल्व्ह, स्प्रिंग रिव्हर्ब, इफेक्ट्स लूप. तक्रार त्याच्याच शब्दांत सांगतो: "पंधरा-वीस मिनिटं झकास वाजतो. मग आवाज बसतो. वर एक थाप मारली की परत येतो." माझ्याकडे येण्याआधी त्याने पाचही व्हॉल्व्ह नवे घालून पाहिले होते. आवाज बसायचा तो बसतच होता.

मी ॲम्प टेबलावर ठेवून दोन तास वाजवला. काही म्हणजे काही झालं नाही. दुरुस्तीच्या दुकानात "इथे तर चांगला चालतोय" हे वाक्य ऐकून परत आलेल्यांना ही गोष्ट वेगळी सांगायला नको.

हा लेख अशाच दोषाबद्दल आहे. पूर्ण बंद पडलेला ॲम्प त्या मानाने सोपा, तो निदान सतत बंद असतो. मधेच जाणारा आणि मधेच येणारा दोष बहुतेक वेळा भाग जळल्याचा नसतोच. कुठेतरी धातूला धातू नीट टेकत नसतो: जॅकमध्ये, व्हॉल्व्हच्या पिनवर, सॉकेटमध्ये, सोल्डरमध्ये. म्हणून भाग बदलत सुटू नका. दोष पुन्हा पुन्हा आणता येईल अशी परिस्थिती तयार करा, आणि तो आला की ॲम्पचे मनातल्या मनात दोन तुकडे करून तो कुठल्या तुकड्यात आहे ते ठरवा. पुढच्या सगळ्या पायऱ्या याच कामासाठी आहेत. यातल्या पहिल्या सहा पायऱ्यांना चॅसी, म्हणजे आतलं सर्किट बसवलेली धातूची पेटी, उघडावी लागत नाही. नवख्याने तिथपर्यंत बिनधास्त जावं.

नावांचा गोंधळ आधीच मिटवतो. सिग्नल मोठा करणाऱ्या त्या काचेच्या नळीला अमेरिकन लोक ट्यूब म्हणतात, इंग्रज व्हॉल्व्ह. आपल्याकडे घरोघरी व्हॉल्व्हचे रेडिओ होते, त्यामुळे आपणही व्हॉल्व्हच म्हणतो. १२एएक्स७ आणि ईसीसी८३ हा एकच व्हॉल्व्ह, फक्त नावं दोन. बंगळुरूच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सनेही एके काळी व्हॉल्व्ह बनवले आहेत. जुन्या रेडिओ मेकॅनिकच्या खणात 'बीईएल' छापलेला एखादा सापडला तर त्याला जपा.

सुरू करण्याआधी चार गोष्टी

स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प कधीही चालू करू नका. लोड नसेल तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये व्होल्टेजचे प्रचंड झटके बसतात आणि तो जाऊ शकतो. ॲम्पमधला सगळ्यात महागडा भाग बहुधा तोच असतो.

स्पीकरकडे जाणारी वायर स्पीकरचीच हवी. गिटारची शील्डवाली केबल तिथे लावू नका.

तीन पिनांमधली अर्थची जाड पिन काढू नका. घरघर कमी होते म्हणून ती काढणारे लोक मी पाहिले आहेत. घरघर कमी होत असेलही, पण आत काही बिघडलं तर करंट गिटारच्या तारांवरून तुमच्या हातात येतो.

फ्यूज उडत असेल तर त्याच्यावर तांब्याची तार गुंडाळू नका. मागच्या पॅनेलवर जे रेटिंग छापलंय तेच घाला. आकड्याआधी 'टी' असेल तर तो हळू उडणारा फ्यूज आहे, तसाच मागून घ्या.

पायरी १: वही काढा

आवाज नक्की कसा जातो? पूर्ण बंद होतो, अर्धा होतो, की खरखरत जातो? थंड ॲम्पवर होतं की तापल्यावर? किती मिनिटांनी? एखादा ठरावीक सूर वाजवल्यावर? थाप मारल्यावर येतो, की जोरात कॉर्ड मारल्यावर आपोआप येतो? दोन्ही चॅनेलवर होतं? रिव्हर्बसकट जातो?

ही माहिती कंटाळवाणी वाटते, पण निम्मं निदान यातच असतं. तापल्यावर जाणारा आवाज बहुधा सोल्डर किंवा व्हॉल्व्हकडे बोट दाखवतो. ठरावीक सुराला होणारी खरखर म्हणजे काहीतरी थरथरतंय. आणि आवाज अर्ध्यावर येऊन एका जोरदार कॉर्डने पुन्हा उसळी घेतो, हे लक्षण तर जॅकच्या काळवंडलेल्या पट्टीचं. ती पुढे चौथ्या पायरीत भेटेल.

एक नियम पहिल्याच पानावर लिहून ठेवा: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. केबल आणि व्हॉल्व्ह एकदम बदलून आवाज आला, तर कशामुळे आला हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

पायरी २: ॲम्पच्या बाहेरचं सगळं बाद करा

पेडल, पेडलबोर्ड, वायरलेस, सगळं काढा. एक गिटार, एक खात्रीची केबल, थेट इनपुटमध्ये. मग गिटारही बदलून पाहा. मी स्वतः एकदा अख्खी रात्र एका ॲम्पमध्ये घालवली आणि पहाटे लक्षात आलं की गिटारच्या जॅकचा नट सैल होता. केबल ओढली गेली की अख्खा जॅक फिरायचा आणि आतली वायर पिळली जायची. त्या रात्रीचा राग अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही.

विजेची बाजूही तपासा. अमेरिकेहून कुणी आणलेला १२० व्होल्टचा ॲम्प असेल तर तो आपल्या २३० व्होल्टवर स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मरमधून चालतो, आणि त्या ट्रान्सफॉर्मरला चपट्या पिनांसाठी बहुतेक वेळा कुठलातरी मल्टिपिन लावलेला असतो. त्या मल्टिपिनचा लूज कॉन्टॅक्ट हा दोष मी इतक्यांदा पाहिलाय की अशा ॲम्पचं मागचं झाकण उघडण्याआधी मी तो हलवून बघतो. आवाज जाताना पुढचा दिवा मंद होत असेल तर आधी भिंतीकडे बघा. गणपतीच्या मंडपात जनरेटरवर ॲम्प वेडावाकडा वागत असेल आणि घरी नीट वाजत असेल, तर ॲम्प बिचारा निर्दोष असू शकतो.

आता स्पीकर. काँबोत स्पीकरच्या मागे दोन चपट्या खोचायच्या क्लिपा असतात, त्या सैल होतात. ॲम्प बंद करून त्या काढा, पक्कडीने किंचित दाबा, परत घट्ट बसवा. स्पीकरच्या पत्र्यापासून कोनपर्यंत जाणाऱ्या विणलेल्या दोन तारा बघा. त्या वर्षानुवर्षं हलून आतून तुटतात आणि वरून शाबूत दिसतात. तेवढ्याच ओहमचा दुसरा स्पीकर मिळाला तर लावून पाहा. स्पीकरवर संशय असेल तर मात्र तसाच मोठ्याने वाजवत राहू नका. लोड मधेच तुटणं म्हणजे वर सांगितलेला ट्रान्सफॉर्मरचा धोका.

पायरी ३: सुरसुर ऐका

माझी सगळ्यात आवडती चाचणी ही, आणि ती फुकट आहे. व्हॉल्व्ह ॲम्पचा व्हॉल्यूम वर नेला की गिटार न वाजवताही मागे एक बारीक सुरसुर येते. ती प्रीॲम्पच्या, म्हणजे गिटारचा बारीक सिग्नल आधी वाढवणाऱ्या भागाच्या, पहिल्या व्हॉल्व्हपासून सुरू होते आणि स्पीकरपर्यंतचा सगळा प्रवास करते. म्हणजे तुमच्या हातात एक फुकटचा सतत चालणारा सिग्नल आहे.

आवाज बसला की वाजवणं थांबवा आणि कान द्या. गिटार गेली पण सुरसुर तशीच आहे? मग दोष पहिल्या व्हॉल्व्हच्या आधी: गिटार, केबल किंवा इनपुट जॅक. सुरसुरही गेली? मग दोष त्याच्या पुढे कुठेतरी. सुरसुर, घरघर सगळंच गेलं, स्पीकर मुका झाला? मग पॉवर व्हॉल्व्ह, त्यांना मिळणारं हाय व्होल्टेज, आउटपुट ट्रान्सफॉर्मर किंवा स्पीकर.

मित्राच्या ॲम्पमध्ये दोष कसा आणला ते सहाव्या पायरीत सांगतो; तो आला की सुरसुर गिटारबरोबरच बसायची, पण अगदी मंद घरघर शिल्लक राहायची. गिटार, केबल, इनपुट जॅक सुटले. स्पीकरही सुटला. पाच मिनिटांत निम्मा ॲम्प निर्दोष ठरला.

पायरी ४: लूपची पट्टी

इफेक्ट्स लूप, म्हणजे पेडल मधे जोडायची सोय, असलेल्या ॲम्पमध्ये मागे दोन जॅक असतात, सेंड आणि रिटर्न. पेडल न लावता वाजवता तेव्हा रिटर्न जॅकमधली एक छोटी स्प्रिंगची पट्टी टेकलेली असते आणि सिग्नल तिच्यावरून पुढे जातो. बहुतेक लोक लूप कधीच वापरत नाहीत. कोकणात, गोव्यात, मुंबईत दोन पावसाळे काढले की त्या पट्टीवर काळसर थर चढतो. जोराचा सिग्नल तो थर ओलांडतो, हलका अडकतो. "आवाज मधेच अर्धा होतो" या तक्रारीचं कारण मला तरी बहुतेक वेळा इथेच सापडलंय.

तपासायला एक छोटी पॅच केबल घ्या आणि सेंडमधून रिटर्नमध्ये लावा. आवाज आला आणि टिकला, तर चोर सापडला. ॲम्प बंद करा, चांगल्या प्लगवर थोडा कॉन्टॅक्ट क्लीनर फवारा आणि तो प्लग रिटर्न जॅकमध्ये वीस वेळा आत-बाहेर करा. गंज सोडवायचं तेल इथे वापरू नका, त्याचा चिकट थर राहतो आणि त्यावर धूळ बसते. इनपुट जॅकलाही हीच सेवा द्या. व्हॉल्यूमचा पॉट फिरवताना खरखरत असेल तर त्यालाही. पण साफ करूनही पॉटची खरखर दोन दिवसांत परत आली, तर त्या पॉटवर आतून डीसी व्होल्टेज गळत असावं. तो कपॅसिटरचा मामला आहे, धुण्याने जाणार नाही.

लूपचा दुसरा उपयोग याहून मोठा. सेंडमधून केबल काढून दुसऱ्या एखाद्या ॲम्पला द्या आणि गिटार वाजवत राहा. दोष आला तेव्हा दुसऱ्या ॲम्पमध्येही आवाज बसला, तर प्रीॲम्प दोषी. उलटही करता येतं: मोबाइलवरचं गाणं हळू आवाजात रिटर्नमध्ये सोडा आणि तासभर चालू द्या. ते न अडखळता वाजलं तर पॉवर सेक्शन धुतल्या तांदळासारखा. मित्राच्या ॲम्पमध्ये पॅच केबलने काही फरक पडला नाही, पण रिटर्नमधून गाणी दीड तास अखंड वाजली. राहिले फक्त पुढचे तीन छोटे व्हॉल्व्ह आणि त्यांच्या आसपासचा परिसर.

फूटस्विच आणि रिव्हर्ब टाकीच्या दोन वायरी काढून एकदा वाजवून पाहा. यावर जास्त वेळ घालवू नका.

पायरी ५: अंधार, काडी आणि अदलाबदल

खोलीतले दिवे बंद करा आणि ॲम्पच्या मागे बसा. प्रत्येक व्हॉल्व्हमध्ये केशरी ठिपका दिसला पाहिजे, तो हीटर. १२एएक्स७ मध्ये दोन अर्धे असतात, म्हणून दोन ठिपके. आवाज गेल्याच्या क्षणी यातला एखादा विझलेला दिसला तर त्या व्हॉल्व्हचा हीटर किंवा सॉकेटची पिन टेकत नाही. पॉवर व्हॉल्व्हच्या काचेच्या आतल्या बाजूला निळसर झाक दिसली तर घाबरू नका, ती सुराबरोबर नाचते आणि दिसतेही छान. पण आतला राखाडी पत्रा लालबुंद झाला असेल तर क्षणही न दवडता ॲम्प बंद करा. तो व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतोय, बायस (व्हॉल्व्हमधला करंट ठरवणारी सेटिंग) गेलंय. काचेच्या शेंड्यावरचा चांदीसारखा डाग पांढरा पडला असेल तर आत हवा शिरली आहे, तो व्हॉल्व्ह संपला.

आता काडी. मी बांबूची कुल्फीची काडी वापरतो. व्हॉल्यूम मध्यम ठेवून एकेका व्हॉल्व्हवर हलकेच टकटक करा. पहिल्या व्हॉल्व्हवर टकटक स्पीकरमधून थोडी ऐकू येणं साहजिक आहे. खरखर झाली, आवाज गेला किंवा आला, किंवा व्हॉल्व्ह घंटेसारखा वाजत राहिला, तर तिथे खूण करा. हात लावू नका, काच चांगलीच भाजते.

खरखर सतत येत असेल तर पुढून एकेक व्हॉल्व्ह काढत जा, दर वेळी ॲम्प बंद करून आणि काच थंड होऊ देऊन. पहिला काढल्यावर खरखर थांबली तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या सॉकेटवर. चालू राहिली तर पुढचा काढा. फक्त पुढचे छोटे व्हॉल्व्ह असे काढायचे. काही ॲम्पमध्ये हीटर मालिकेत जोडलेले असतात, तिथे एक काढला की दुसराही विझतो. तसं दिसलं तर ही युक्ती सोडून द्या.

व्हॉल्व्ह काढताना सरळ वर ओढा, अगदी थोडं हलवत. १२एएक्स७ ला नऊ पिना असतात आणि एका ठिकाणी गाळा असतो, बसवताना तो जुळवा. शंका आलेला व्हॉल्व्ह शेजारच्या तशाच व्हॉल्व्हबरोबर बदला. दोष व्हॉल्व्हबरोबर हलला तर व्हॉल्व्ह खराब. जिथल्या तिथे राहिला तर सॉकेट किंवा त्याच्या मागचं काही. पॉवर व्हॉल्व्ह मात्र असे सहज बदलायचे नाहीत. फेंडर डिलक्स रिव्हर्बसारख्या ॲम्पमध्ये नवी ६व्ही६ ची जोडी घातली की बायस मोजून लावावं लागतं. व्हॉक्स एसी३० चे चार ईएल८४ कॅथोड बायसवर, म्हणजे आपोआप जुळणाऱ्या बायसवर, चालतात, तिथे तो त्रास कमी.

आणि इथेच सगळ्यात मोठा चकवा आहे. व्हॉल्व्ह काढून परत बसवला की पिनेवरचा थर घासला जातो आणि दोष गायब होतो. आपण खूश. महिन्याने भर कार्यक्रमात तो परत येतो. म्हणून "काढून घातला, चालू झाला" याला मी दुरुस्ती म्हणत नाही, तो फक्त पत्ता आहे. त्या सॉकेटमध्ये क्लीनर लावलेला व्हॉल्व्ह चार-पाच वेळा आत-बाहेर करा, आणि पिनांची पकड सैल वाटली तर त्या घट्ट करायचं काम सातव्या पायरीसाठी लिहून ठेवा.

पायरी ६: दोषाला त्याच्या घरी गाठा

मित्राचा ॲम्प माझ्या टेबलावर रुसला नव्हता, कारण शेजाऱ्यांच्या भीतीने मी तो हळू वाजवत होतो. काँबोत स्पीकर आणि चॅसी एकाच पेटीत. मोठ्या आवाजात ती पेटी सगळ्या व्हॉल्व्हना गदागदा हलवते. म्हणून आम्ही ॲम्प त्यांच्या तालमीच्या खोलीत नेला, कार्यक्रमाला असतो तेवढा आवाज ठेवला आणि घड्याळ लावलं. बाविसाव्या मिनिटाला आवाज बसला.

घाई असेल तर मोबाइलवर टोन जनरेटरचं एखादं ॲप घ्या, मोबाइल इनपुटला अगदी हळू आवाजात जोडा आणि ६० हर्ट्झपासून ३०० पर्यंत सावकाश सरकवा. गिटारची सगळ्यात जाड मोकळी तार साधारण ८२ हर्ट्झवर वाजते, त्यामुळे खरा त्रास याच पट्ट्यात होतो. एखाद्या आकड्यावर काहीतरी खणखणायला लागेल. तो आकडा वहीत लिहा. कधी कधी तो नुसता सैल स्क्रू असतो.

उष्णतेसाठी ॲम्पवर गोधडी टाकू नका. तो पेटवायचा नाहीये. नुसता तासभर चालू ठेवा.

पायरी ७: आत

आता स्पष्ट बोलतो. व्हॉल्व्ह ॲम्पच्या आत ४०० ते ५०० व्होल्ट डीसी असतात आणि पिन काढल्यावरही ते फिल्टर कपॅसिटरमध्ये साठून राहतात. घरातला फ्यूज बदलण्यापलीकडे विजेला हात लावला नसेल, तर इथे थांबा आणि वहीसकट ॲम्प जाणकाराकडे द्या. "सुरसुरही जाते, लूपची केबल लावून फरक नाही, रिटर्न ठीक, दुसऱ्या व्हॉल्व्हजवळ टकटक केलं की येतो" एवढं सांगितलंत की त्याचे कित्येक तास वाचतात.

सवय असलेल्यांसाठी माझी पद्धत अशी. बंद करताना स्टँडबायचा स्विच वाजवायच्या बाजूला ठेवतो; नाहीतर अनेक ॲम्पमध्ये पहिले कपॅसिटर बाकी सर्किटपासून तुटतात आणि भरलेलेच राहतात. मग पिन उपटून डोळ्यांसमोर टेबलावर ठेवतो. १० किलोओहम, ५ वॉटच्या रेझिस्टरला दोन्हीकडे रबरी टोपीच्या क्लिपवाल्या वायरी लावलेल्या आहेत. एक क्लिप चॅसीला, दुसरी प्रत्येक फिल्टर कपॅसिटरच्या पॉझिटिव्हला, दर वेळी दहा सेकंद. त्यानंतर १००० व्होल्ट डीसी मोजू शकणाऱ्या मीटरने तपासतो. १० व्होल्टच्या खाली आल्याशिवाय बोट आत जात नाही. कपॅसिटर स्वतःहून पुन्हा थोडे चढतात, म्हणून काम चालू असेतो क्लिप काढत नाही. ॲम्प चालू करण्याआधी मात्र ती आठवणीने काढायची. स्क्रूड्रायव्हरने फटकन शॉर्ट करणारे शूर लोक असतात. त्यांचे स्क्रूड्रायव्हर बघा, टोकं खाल्लेली असतात.

आधी फक्त बघा. भिंग आणि तिरका उजेड घ्या. जॅक, पॉट, व्हॉल्व्हची सॉकेटं, मोठे गरम होणारे रेझिस्टर आणि जड कपॅसिटर, म्हणजे जिथे जिथे ताण किंवा उष्णता आहे, तिथल्या सोल्डरभोवती केसाएवढी काळी गोल रेघ शोधा. हेच ते ड्राय सोल्डर. बोर्डांमधल्या पट्टीच्या केबल एकदा काढून परत बसवा. सॉकेटच्या सैल पिना जाड सुईने हलकेच आत वळवून घट्ट करा.

बघून सापडलं नाही तर मोजा. मीटरच्या क्लिपा ॲम्प बंद असतानाच लावा, मग चालू करा, हात मागे घ्या आणि दोष येण्याची वाट बघा. टकटक करायचीच असेल तर लांब, सुकी बांबूची चॉपस्टिक, आणि दुसरा हात खिशात. पेन्सिल नको, तिच्यातलं शिसं म्हणजे ग्रॅफाइट आणि ते वीज वाहून नेतं.

मित्राच्या ॲम्पमध्ये दुसऱ्या व्हॉल्व्हच्या सहाव्या पिनेवर, म्हणजे त्याच्या एका प्लेटवर (इलेक्ट्रॉन जिथे पोचतात ते टोक), मी मीटर लावला. १९० व्होल्ट, स्थिर. अर्ध्या तासाने आवाज बसला आणि आकडा सरसर चढत ३०० च्या पुढे गेला.

या चढण्याचा अर्थ समजून घ्या. हाय व्होल्टेज १०० किलोओहमच्या रेझिस्टरमधून प्लेटपर्यंत येतं. व्हॉल्व्हमधून साधारण सव्वा मिलिअँपिअर वाहतो तेव्हा त्या रेझिस्टरवर सव्वाशे व्होल्ट खर्च होतात. करंटच थांबला तर खर्च शून्य आणि प्लेटवर सगळं व्होल्टेज दिसतं. म्हणजे व्हॉल्व्ह त्या क्षणी बंद पडला होता. उलट आकडा शून्याकडे कोसळला असता तर तो रेझिस्टर किंवा त्याचं सोल्डर तुटलंय असं मी म्हटलं असतं. व्हॉल्व्ह बंद का पडतो? हीटर विझला, किंवा कॅथोडचा (इलेक्ट्रॉन जिथून निघतात त्या टोकाचा) रस्ता तुटला. अंधारात दोन्ही ठिपके दिसत होते. उरला कॅथोड, आठवी पिन.

ॲम्प बंद, कपॅसिटर रिकामे. आठव्या पिनेपासून चॅसीपर्यंत मीटरने १.५ किलोओहम दाखवले, जसे हवेत तसे. बोर्ड काडीने किंचित दाबला आणि मीटर अनंतावर गेला. भिंगाखाली कॅथोड रेझिस्टरच्या एका पायाभोवती ती बारीक काळी रेघ होती, सॉकेटपासून बोटभर अंतरावर. बोर्डावर बसवलेली सॉकेटं रोज तापतात, थंड होतात, आणि व्हॉल्व्ह ओढताना सगळा जोर आजूबाजूच्या सोल्डरवर येतो. पाच व्हॉल्व्ह बदलण्याच्या खटाटोपात ती रेघ थोडी रुंदच झाली असणार.

दुरुस्तीला दहा मिनिटं लागली. जुन्या सोल्डरवर नवं चोपडू नका. आधी जुनं शोषून काढा, मग ६०/४० चं नवं सोल्डर, गन साधारण ३५० अंशांवर, आणि दोन-तीन सेकंदांत काम संपवा. जास्त रेंगाळलात तर बोर्डावरची तांब्याची चकती उचकटते. एक रेघ सापडली म्हणून थांबलो नाही, त्याच सॉकेटच्या नऊही पिना आणि शेजारची दोन सॉकेटंही नव्याने सोल्डर केली.

मग ॲम्प पेटीत परत, सगळे स्क्रू घट्ट, आणि परत त्याच खोलीत, त्याच आवाजात. आधी बाविसाव्या मिनिटाला बसत होता, म्हणून आम्ही दोन तास वाजवला, आणि मधे टोन जनरेटरही फिरवून घेतला. आकडा लिहिलेला होता, ११० हर्ट्झ. तिथे फक्त मागच्या झाकणाचा एक स्क्रू किणकिणला.

मित्राने काढून टाकलेले पाच जुने व्हॉल्व्ह मी नंतर एकेक करून लावून पाहिले. पाचही ठणठणीत. आता ते मोज्यांत गुंडाळून त्याच्या केबलच्या बॅगेत असतात.